इंग्रजी निबंधाच्या गुणांविषयी: कृतिपत्रिका काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील इंग्रजी विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारे, कृतिपत्रिका काढणारे, नियामक आणि परीक्षक यांस

विषय : मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन आणि व्याकरण

सप्रेम नमस्कार.

मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. जानेवारी संपता संपता सराव परीक्षा सुरू होतात आणि तेव्हापासून इंग्रजी लेखनाचा अभ्यास म्हणजे पाठांतर हे ठरूनच जाते. तक्रारीच्या पत्राचा एक साचा, मित्राच्या अभिनंदनाचा दुसरा, 'सेव्ह वॉटर'वर एक भाषण, 'ट्रीज आर अवर बेस्ट फ्रेंड्स'वर आणखी एक, आणि कोणत्याही विषयाच्या आरंभी चालून जाईल अशी दोन ओळींची सुरुवात, एवढे सामान घेऊन मुले परीक्षेला बसतात. विषय पाण्याऐवजी विजेचा निघाला तर 'वॉटर'च्या जागी 'इलेक्ट्रिसिटी' घालायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. वीज गाळून आणि उकळून वापरावी असा सल्ला एखाद्या उत्तरपत्रिकेत सापडला, तर आपल्यापैकी कोणाला फारसे आश्चर्य वाटेल असे मला वाटत नाही.

या पत्रातून मला एकच गोष्ट मागायची आहे. विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या आणि चार-सहा चुका असलेल्या परिच्छेदाला पाठ केलेल्या बिनचूक परिच्छेदापेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत, आणि ते मिळतील अशा रीतीने कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, निघाली व तपासली गेली पाहिजे. वर्गात काय शिकवावे यावर परिपत्रके कितीही निघोत, मार्चमध्ये ज्याला गुण मिळतात तेच जूनपासून शिकवले जाते, हे आपणही शिक्षक म्हणून जाणता.

पाठांतर करणारी मुले आळशी असतात असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. अनोळखी भाषेतल्या दीडशे शब्दांचा मजकूर अर्थ पुरता न कळता स्पेलिंगसह डोक्यात ठेवणे हे कष्टाचे काम आहे, आणि एवढे कष्ट मुले करतात ते त्यातून गुण मिळतात म्हणूनच. परीक्षकाच्याही बाजूने पाहू. समोर गठ्ठा असतो, तारीख ठरलेली असते, आदर्श उत्तरात मुद्दे दिलेले असतात. सुवाच्य अक्षरातला, मुद्दे आलेला आणि लाल रेघ मारायला जागा नसलेला परिच्छेद आणि अडखळत लिहिलेला, खाडाखोड असलेला परिच्छेद यांत पहिला जिंकणार हे उघड आहे. ज्याने तो लिहिला त्याला त्यातले एकही वाक्य स्वतःला बनवता येत नाही, हे कळण्याची सोय त्या पानावर नसते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना झालेल्या त्या निर्णयावर त्या वेळी बराच वाद झाला, आणि ग्रामीण मुलाला शहरातल्या मुलाइतकी संधी मिळावी हा निर्णयामागचा हेतू मला आजही योग्य वाटतो. पण वर्षे वाढली तशी लेखनाची संधी वाढली का, हे कोणी तपासले? पहिली-दुसरीत बडबडगीते आणि शब्द, पुढे फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवणे, त्यानंतर गाईडमधली उत्तरे वहीत उतरवणे, आणि मग एकदम दहावीत 'राइट अ स्पीच'. मधल्या इयत्तांत तीन वाक्ये स्वतःच्या मनाने लिहून बघ, असे मुलाला सहसा कोणी म्हणत नाही. सेमी-इंग्रजीच्या तुकडीतली मुलेही याला अपवाद नाहीत. त्यांना प्रमेयाची सिद्धता इंग्रजीत लिहिता येते, पण काल शाळेला का आला नाहीस याचे उत्तर दोन ओळींत लिहिताना पेन थांबते.

प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली तेव्हा धड्याखालची उत्तरे पाठ करण्याला आळा बसेल असे सांगितले गेले, आणि वाचन-आकलनाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. न पाहिलेला उतारा वाचून उत्तर लिहायचे असेल तर पाठांतराचा उपयोग नाही. लेखनाच्या विभागातही तक्ता किंवा आकृती देऊन त्यावर परिच्छेद लिहायला सांगणारी कृती मला सर्वांत चांगली वाटते, कारण तक्ता आधी ठाऊक नसतो. मात्र बहुतेक वेळा तक्त्याची एक ओळ म्हणजे एक वाक्य, एवढेच काम मुलाकडे उरते. तुलना करणे, कारण सांगणे, एक बाब दुसरीशी जोडणे हे त्यात क्वचितच लागते. बाकीचा विभाग, म्हणजे पत्र, भाषण आणि विषयाचा विस्तार, वर सांगितलेल्या सामानावर सुखेनैव निभावतो.

आता व्याकरणाविषयी. 'रिमूव्ह टू', 'यूज ॲज सून ॲज', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो वापरून वाक्य पुन्हा लिहा', 'चेंज द व्हॉइस', 'ॲड अ क्वेश्चन टॅग' हे प्रकार महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. 'टू' काढून 'सो-दॅट-कॅनॉट' घालणे माझ्या वर्गातली जवळपास सगळी मुले न चुकता करतात. ही रचना स्वतःच्या लेखनात कोणी वापरलेली मात्र मला आठवत नाही. व्याकरणाचा गुण व्याकरणाच्या प्रश्नात मिळाला की त्याचे काम संपले, अशी मुलांची समजूत आपल्या कृतिपत्रिकेनेच करून दिलेली आहे.

एक उदाहरण जवळून पाहावे, अशी विनंती आहे. नववीच्या एका मुलीने, पाठ केलेले काही लिहायचे नाही अशी अट घातल्यावर, घरच्या बैलांविषयी हे लिहिले:

'माय फादर इज हॅविंग टू बुलक्स. ही इज वर्किंग विथ देम सिन्स टेन इयर्स. ऑन पोळा वुई गिव्ह देम बाथ अँड पेंट देअर हॉर्न्स. इफ रेन विल नॉट कम, माय फादर सेज दॅट आय विल सेल वन बुलक. आय आस्क्ड हिम दॅट व्हिच वन यू विल सेल. ही डिड नॉट टोल्ड.'

रूढ पद्धतीने तपासले तर प्रत्येक वाक्याखाली रेघ येईल (तिसऱ्यातही 'बाथ'च्या आधीचा 'अ' राहिला आहे) आणि पाचापैकी दोन गुण मिळतील. पण या चुका एका जातीच्या नाहीत. 'सिन्स टेन इयर्स' थेट मराठीतून आले आहे: आपण 'सोमवारपासून' म्हणतो तसेच 'दहा वर्षांपासून' म्हणतो आणि क्रियापद दोन्हीकडे वर्तमानकाळीच ठेवतो, तर इंग्रजीला आरंभबिंदूसाठी एक शब्द लागतो, कालावधीसाठी दुसरा, आणि क्रियापदही वेगळे लागते. 'माय फादर सेज दॅट आय विल सेल' हेही मराठीच आहे. 'वडील म्हणतात की मी एक बैल विकेन' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, कारण 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवू शकतो; इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र बैल मुलगीच विकणार आहे असे वाटेल. 'आस्क्ड हिम दॅट व्हिच वन' याच घरातले.

'इफ रेन विल नॉट कम' ही चूक वरवर तशीच दिसते, पण तिचा उगम मराठीत नाही. मराठीत आपण 'पाऊस आला नाही तर' म्हणतो, म्हणजे भविष्याच्या गोष्टीला भूतकाळी रूप वापरतो. मुलीने मराठीचे अनुकरण केले असते तर 'विल' आलेच नसते. पुढे घडणाऱ्या गोष्टीला 'विल' लागते हा आपण शिकवलेला नियम तिने प्रामाणिकपणे लावला आहे. 'डिड नॉट टोल्ड'ही तसेच: भूतकाळ दाखवायचा म्हणून तिने तो दोन्हीकडे दाखवला. 'इज हॅविंग'मध्ये दोन्ही गोष्टी मिसळल्या आहेत. 'आहे' म्हणजे 'इज' हे समीकरण पहिलीपासून डोक्यात पक्के झाले, आणि पुढे जोडलेला 'आयएनजी' वर्गातल्या सरावाचा परिणाम आहे. म्हणजे निम्म्या चुका मराठीच्या बळावर झाल्या आहेत आणि निम्म्या इंग्रजीच्या नियमांच्या बळावर. एका जातीला तुलना करून दाखवावी लागते, दुसरीला नियमाची मर्यादा सांगावी लागते. सरसकट मारलेली लाल रेघ यांपैकी काहीच करत नाही.

हीच मुलगी 'चेंज इनटू इनडायरेक्ट स्पीच'ची वाक्ये अचूक सोडवते, हे मुद्दाम नमूद करतो. तिथे 'आय'चा 'ही' होतो हे तिला माहीत आहे. आपल्या वडिलांचे बोलणे सांगताना तोच नियम लागतो, हे तिला कोणी दाखवलेले नाही. (मराठीतला आदरार्थी अनेकवचनाचा संस्कार असाच हळूच डोकावतो. 'माय टीचर आर व्हेरी काइंड' असे लिहिणारा मुलगा सरांचा मान राखत असतो, आणि त्याबद्दल त्याचा अर्धा गुण जातो.)

या परिच्छेदाशेजारी दुसरा ठेवा: 'इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री. द फार्मर इज द बॅकबोन ऑफ अवर नेशन. ही वर्क्स डे अँड नाइट.' यात चूक नाही आणि लिहिणाऱ्याचे काहीही नाही. पहिल्या परिच्छेदात घटना आहे, अट आहे, प्रश्न आहे आणि न मिळालेले उत्तर आहे. निबंधाला जे लागते ते सगळे त्या सहा वाक्यांत आले आहे. आपल्या आजच्या गुणदान पद्धतीत यांपैकी कोणता परिच्छेद वर राहतो, ते आपण स्वतःशी पडताळून पाहावे.

लाल शाईचा उपयोग किती, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. दुसऱ्या भाषेच्या अध्यापनाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली, दुसऱ्या भाषेतील लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणे निरुपयोगी आणि अपायकारकही आहे, अशी टोकाची भूमिका मांडली. त्याच क्षेत्रातील अभ्यासक डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये तिला उत्तर दिले आणि नियमाने समजावता येतील अशा निवडक चुका दाखवल्या तर विद्यार्थ्याला त्याचा लाभ होतो, अशी बाजू घेतली. माझा कल फेरिस यांच्याकडे आहे, पण ट्रस्कॉट यांचे एक म्हणणे आपल्या वर्गांना तंतोतंत लागू पडते: पानभर दुरुस्त्या पाहून मूल सावध होते आणि पुढच्या वेळी कमी व सोपे लिहिते. माझ्या मते आठवी-नववीत क्रियापदाचे रूप, वाक्य कुठे संपते याचे भान आणि दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीत एवढ्याच गोष्टी दुरुस्त कराव्यात. 'अ', 'ॲन', 'द' यांना तर शेवटी हात लावावा. मराठीत आर्टिकल नाही. ऐकणाऱ्याला ती वस्तू आधीच ठाऊक आहे की नाही यावर इंग्रजीत 'अ' आणि 'द' ठरतात, आणि ही जाण भरपूर वाचल्याशिवाय येत नाही. 'द' राहून गेला म्हणून अर्थ सहसा अडत नाही. तरीही आपली व्याकरणाची सुरुवात रिकाम्या जागेत आर्टिकल भरण्यापासूनच होते.

दुरुस्ती झाल्यावर तोच मजकूर पुन्हा लिहायला लावणे हा लेखन शिकण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. आपल्याकडे वहीत सही आणि तारीख पडली की निबंध कायमचा बंद होतो.

मुद्दा निघालाच आहे तर मराठीच्या निबंधाविषयीही लिहिले पाहिजे, कारण मूळ दुखणे तिथे आहे. पुस्तकाचे आत्मवृत्त, मी पंतप्रधान झालो तर, सूर्य उगवला नाही तर, हे विषय मराठीतही पाठ केले जातात. ज्या मुलाने मातृभाषेत स्वतःचे मत कधी क्रमाने मांडलेले नाही, त्याला ते इंग्रजीत मांडायला सांगणे म्हणजे दोन ओझी एकदम देणे आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास मांडलेला विचार असा आहे की दोन भाषांतील वाचन-लेखनाच्या क्षमता आतून जोडलेल्या असतात आणि एकीत कमावलेले दुसरीत उपयोगी पडते. आपल्याला हे सांगायला कॅनडातून कोणी यायला नको होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली ती इंग्रजी निबंध मुरवून, आणि तेच १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापन करणाऱ्यांत होते. इंग्रजी वाचून मराठीत लिहिणे आणि मराठीत विचार करून इंग्रजी शिकवणे या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आज इंग्रजीच्या तासाला मराठी बोललो तर आपण मागासलेले ठरू अशी धास्ती तरुण शिक्षकांना वाटते. निबंधाचे मुद्दे मराठीत काढू द्या, त्यांचा क्रम मराठीत ठरवू द्या आणि मग इंग्रजीत लिहू द्या; असे केल्याने मुलांची वाक्ये वाढतात, हे मी वर्गात पाहतो.

दहावी-बारावी झाली की ही पोकळी उघडी पडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा अनिवार्य पेपर ३०० गुणांचा असतो आणि त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर उमेदवाराचे इतर पेपर विचारात घेतले जात नाहीत. त्या पेपरात १०० गुण निबंधाला आहेत. परदेशी शिक्षणासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची चाचणी देणाऱ्याला तिच्या निबंधाच्या प्रश्नात ४० मिनिटांत किमान २५० शब्दांत आपली बाजू मांडावी लागते, आणि तिथे व्याकरणाला चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीची सलगता आणि शब्दसंपत्ती यांना आहेत. पाठ केलेला मजकूर तिथे ओळखला जातो आणि त्याचा फटका बसतो. शाळेत दहा वर्षे इंग्रजी शिकलेला उमेदवार मग शहरातल्या क्लासची फी भरून परिच्छेद म्हणजे काय इथपासून सुरुवात करतो. ज्याच्या घरी ती फी भरण्याची ऐपत नाही, त्याचा विचार कोणी करायचा?

नवे पाठ्यपुस्तक किंवा नवा विषय मी मागत नाही. भाषेच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळेच्या हाती आहेत. २०१८-१९ मध्ये ते काढून घेतले गेले, त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ते परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. हे गुण कसे वाटले जातात हे त्या आकड्यांवरून कोणालाही कळावे. त्यांपैकी दहा गुण वर्षभरात लिहिलेल्या चार लेखनांना द्यावेत, प्रत्येकाचा पहिला आणि दुसरा खर्डा वहीत असावा, आणि गुण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत काय सुधारले त्याला असावेत. यात कोणी फसवणूक करणार नाही असे मी म्हणत नाही. पण दोन खर्डे आणि मधली दुरुस्ती खोटी लिहायला खरी लिहिण्याइतकेच श्रम पडतात.

लेखी परीक्षेत लेखनाची एक तरी कृती अशी असावी जी त्याच कृतिपत्रिकेतल्या उताऱ्याला धरून असेल. उताऱ्यातील व्यक्तीचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून त्यावर स्वतःच्या गावातले एक उदाहरण द्या, एवढे विचारले तरी पाठ केलेले भाषण निकामी होते आणि दुसऱ्याचे बोलणे सांगण्याचे व्याकरणही तिथेच तपासले जाते. 'रिमूव्ह टू'चे दोन गुण तिकडे वळवले तर एकूण गुणांत फरक पडणार नाही. अशा कृतीच्या गुणदानात अर्थ पोहोचवणाऱ्या स्वतंत्र वाक्याला आधी गुण आणि चुकीची वजाबाकी नंतर, हे नियामकांच्या बैठकीत लेखी ठरावे.

शेवटची विनंती आदर्श उत्तरांविषयी आहे. आज शिक्षकापर्यंत पोहोचते ते तज्ज्ञाने लिहिलेले निर्दोष उत्तर, आणि तेच पुढे फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. त्याऐवजी विद्यार्थ्यांची खरी उत्तरे, नावे वगळून, मिळालेल्या गुणांसह आणि ते का मिळाले याच्या दोन-तीन ओळींसह दर वर्षी प्रसिद्ध करावीत. दोन गुणांचे, तीनचे, चारचे अशी उत्तरे शेजारी शेजारी वाचायला मिळाली तर शिक्षकाला काय शिकवायचे ते कळेल आणि विद्यार्थ्याला एक गुण वाढवण्यासाठी काय करावे लागते ते दिसेल. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निदान दहावीच्या तृतीय भाषेपुरते हे करता यावे.

कळावे.

आपला विश्वासू,
मराठी माध्यमाच्या शाळेतील एक इंग्रजी शिक्षक